गॅरेजातले तेल आणि आपली विहीर

नांगरणीचे दिवस जवळ आले की गावोगावच्या गॅरेजांपुढे ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर रांगेने उभे राहतात. गॅरेज बहुधा रस्त्याच्या कडेला असते आणि उताराच्या खालच्या अंगाला कोणाचे तरी भाताचे खाचर किंवा विहीर. आपल्यापैकी काहींची मुले स्वतः मिस्त्री झाली आहेत, तर काहींनी रस्त्यालगतचा तुकडा गॅरेजला भाड्याने दिला आहे. तेव्हा हा विषय गॅरेजवाल्याचा, आपला नव्हे, असे समजून वाचकांनी पान उलटू नये, ही विनंती.

तेल सांडते म्हणजे टाकी फुटते, असा आपला समज असतो. टाकी क्वचितच फुटते. तेल जाते ते तोटीच्या झिजलेल्या वॉशरमधून, भरताना लक्ष नसल्यामुळे आणि उघड्या पिंपातून. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटरच्या आसपास तेल जाते. म्हणजे २१० लिटरचे पिंप दोन महिन्यांच्या आत रिकामे होते. खालची जमीन आधीच काळी असल्याने कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जळक्या ऑइलचे पिंप तर सर्वांत दुर्लक्षित. ते भिंतीच्या कडेला, झाकणाविना, आभाळाखाली उभे असते. पाऊस सुरू झाला की पाणी त्यात पडते. पाणी जड, म्हणून ते तळाशी बसते आणि हलके तेल वर उचलले जाते. चार मोठ्या सरी झाल्या की पिंपात पाणी राहते आणि तेल काठावरून बाहेर वाहू लागते. बूच लावलेले पिंपही उघड्यावर उभे ठेवू नये. उन्हात तापून रात्री थंड झाले की ते श्वास घेतल्यासारखे हवा आत ओढते आणि डोक्यावर साचलेले पाणीही बुचाच्या फटीतून आत जाते. मग आतून गंज चढतो. पत्र्याचे छप्पर आणि घट्ट झाकण, एवढ्याने हे सारे टळते.

सांडलेले तेल जाते कुठे? जांभ्या दगडाच्या भागात ते छिद्रांतून झिरपते. काळ्या रानात उन्हाळ्यातल्या भेगांतून सरळ खाली उतरते. डिझेल पातळ असल्याने फार लवकर मुरते. एकदा विहिरीच्या झऱ्याला लागले की वर्षानुवर्षे वास जात नाही. असे पाणी उकळल्याने किंवा फडक्याने गाळल्याने पिण्याजोगे होत नाही, हे घरातल्या बायकांना मुद्दाम सांगावे; कारण पाणी त्याच भरतात.

उपाय मिस्त्रीला न जमण्याइतका अवघड नाही. टाकी वा पिंपे सिमेंटच्या पक्क्या जमिनीवर ठेवून भोवती पाळ बांधावी, म्हणजे एक उथळ हौदच तयार होतो. हिशेब असा, की आतल्या सर्वांत मोठ्या टाकीतले सगळे तेल आणि वर त्याचा दहावा हिस्सा मावला पाहिजे. हजार लिटरच्या टाकीला अकराशे लिटर. सात फूट लांब, सात फूट रुंद जागेला फूटभर उंच पाळ घातली की सुमारे १,३८५ लिटर मावते. बाकीच्या पिंपांनी अडवलेली जागा त्यातून वजा करावी. टाकी जमिनीला टेकवू नये, विटांच्या ओट्यावर ठेवावी. तळ डोळ्यांना दिसला तर गंज वेळेवर कळतो.

या पाळीला पावसाचे पाणी काढण्यासाठी भोक ठेवतात आणि ते बंद करायचे विसरतात. असे भोक असलेली पाळ म्हणजे शोभेची वस्तू. आमच्या मते भोक ठेवूच नये. छप्पर घालावे, आणि पाणी आलेच तर वर तवंग नाही हे पाहून बादलीने उपसावे.

पाळीबाहेरच्या गटाराकडेही पाहावे लागते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील फ्लोरेफ येथे २ जानेवारी १९८८ रोजी डिझेलची एक प्रचंड टाकी भरत असताना फाटली. तिचा पत्रा चाळीस वर्षांहून जुना होता आणि दुसरीकडून आणून जोडलेला होता. भोवती बांध होता, पण लोंढा इतका जोरात आला की काही तेल त्यावरून उसळून पलीकडच्या उघड्या पावसाळी गटारात शिरले. सुमारे २८ लाख लिटर डिझेल मोनोंगाहेला नदीत गेले आणि अंदाजे दहा लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर संकट आले. आपल्या गॅरेजच्या दारातले गटार ओढ्याला मिळते की खाचराला, हे एकदा चालत जाऊन पाहावे.

टाकी भरताना आधी पट्टी घालून किती जागा आहे ते मोजावे, काठापर्यंत भरू नये (उन्हात डिझेल फुगते) आणि भरणाऱ्याने चहाला जाऊ नये. इतके करूनही सांडलेच तर प्रथम तोटी बंद करावी, मग गटाराच्या तोंडाशी मातीचा बांध घालावा. त्यानंतर भुसा, भाताचे तूस किंवा कोरडी माती टाकून तेल टिपून घ्यावे. पाणी ओतून धुऊ नये. त्याने तेल फक्त शेजाऱ्याच्या जमिनीत जाते. पेट्रोल असेल तर विडी, दिव्याचे बटण, सारे दूर. आधी माणसे बाहेर काढावीत.

तेलाने भिजलेला भुसा न्हाणीच्या चुलीत घालण्याची काही घरांत सवय आहे. ती सोडावी. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाच्या धातूंचा कीस असतो आणि कर्करोगाला कारण होणारी द्रव्येही असतात. याच कारणाने ते बैलाच्या खरजेवर लावू नये. जनावर चाटते आणि ते पोटात जाते. मिस्त्रीकाम करणाऱ्या पोरांनी डिझेलने हात धुऊ नयेत, साबणाने धुवावेत, आणि तेलाचे फडके खिशात कोंबू नये.

साठलेल्या जळक्या ऑइलला गिऱ्हाईक मिळते. पण २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार ते राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या शुद्धीकरण कारखान्याकडेच गेले पाहिजे. नेणाऱ्याचा परवाना पाहावा, पावती घ्यावी आणि पिंप पाऊस लागण्यापूर्वी रिकामे करून घ्यावे. जागा भाड्याने देणाऱ्यांनी या गोष्टी करारातच लिहून घ्याव्यात. पाळ बांधायचा खर्च कोणी करायचा, तेही तेव्हाच ठरवावे.