आधी जिना, मग गच्ची

जुन्या हॉटेलाचे रूप पालटावे, भिंतींना लाकडी नक्षीचे अस्तर चढवावे आणि सर्वांत वर, उघड्या आकाशाखाली, दिव्यांच्या माळांत मद्यालय थाटावे, ही शहरांतील हॉटेलधंद्याची आता रूढ रीत झाली आहे. या थाटाशी आमचे वैर नाही. पर्यटनावर ज्या प्रदेशातील हजारोंची चूल पेटते, त्याने पाहुण्यांच्या हौसेला नाक मुरडणे दांभिकपणाचे ठरेल. कोणी काय प्यावे, हे सांगण्याचा मक्ताही आम्ही घेतलेला नाही. आमचा प्रश्न साधा आहे. वर गेलेला माणूस प्रसंग ओढवल्यास खाली कसा उतरणार?

गच्ची ही इमारतीतील अखेरची मोकळी जागा. जिना धुराने कोंडला की माणसे वर धाव घेतात. तीच जागा बांबू, ताडपत्री आणि कापडी छतांनी झाकली, तर आसऱ्याचेच सरपण होते.

मुंबईत लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात हेच घडले. जेथे पूर्वी कापडगिरणी चालत असे, तेथे कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. २९ डिसेंबर २०१७ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, तेथील गच्चीवर आग भडकली आणि १४ जणांचा बळी गेला. हुक्क्याच्या निखाऱ्यांतून उडालेल्या ठिणग्यांवर अग्निशमन दलाच्या चौकशीने बोट ठेवले. बाहेरची वाट न सापडलेले अनेक जण प्रसाधनगृहात शिरले आणि धुराने तेथेच गुदमरले. गच्चीवरील उपाहारगृहांविषयीचे धोरण मुंबई महापालिकेने त्याच नोव्हेंबरात मंजूर केले होते. धोरण कागदावर होते; निखारे गच्चीवर होते.

१२ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीच्या करोलबागेतील एका हॉटेलात १७ जण मृत्युमुखी पडले. तेथे शोभेसाठी लावलेल्या लाकडी फळ्यांनी पेट घेतला आणि खोल्यांबाहेरच्या वाटाच बंद झाल्या.

ही दूरची दुःखे म्हणून आम्ही हळहळलो आणि विसरलो. पुढे ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री आपल्याच बार्देशातील हडफडे गावी नाइटक्लबला आग लागून २५ जणांचे प्राण गेले. अरुंद रस्त्यामुळे बंबांना दूरच थांबावे लागले. मृतांत बहुसंख्य तेथे राबणारे कर्मचारी होते. पोटासाठी परप्रांतांतून आलेले. पाहुण्यांच्या मौजेची किंमत त्यांनी मोजली.

प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी होते, परवाने तपासले जातात, काही दारांना टाळी लागतात. महिना सरला की पुन्हा दिवे लागतात. ही रीत मोडायची, तर मद्याचा परवाना देण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी दुसरा जिना स्वतः उतरून पाहावा. छत न जळणाऱ्या वस्तूंचे असावे, बाहेरचे दार आतून सहज उघडावे आणि बंब दारापर्यंत यावा. ही तपासणी दुपारच्या निवांत वेळी न होता गर्दीच्या रात्री व्हावी. स्वयंपाकघरातल्या पोऱ्यालाही सुटकेची वाट ठाऊक असली पाहिजे.

ग्राहकांनाही आम्ही एवढेच सुचवू: टेबलावर बसण्यापूर्वी दुसरा जिना कोठे आहे, हे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर आल्या वाटेने परत फिरण्यात कमीपणा नाही.