वर्दळीच्या रस्त्यावर दोघंच!

एक खूप जुना फोटो आहे, 1838 सालचा. पॅरिस शहरातला रुंद रस्ता, कडेला झाडांची रांग, उंच घरं, छपरांवर धुराडी. लुई दागेर नावाच्या माणसानं तो खिडकीतून काढला. पण रस्ता बघा, कसा ओस पडलाय! घोडागाडी नाही, फेरीवाला नाही, साधं कुत्रंसुद्धा नाही. संचारबंदी होती की काय?

छे! हा रस्ता म्हणजे बुलेव्हार द्यू ताँप्ल. तिथं ओळीनं नाटकगृहं होती आणि दिवसभर ही गर्दी! मग सगळे गेले कुठे?

थांबा, डावीकडे खालच्या कोपऱ्यात नीट बघा. एक माणूस एक पाय जरा उचलून उभा आहे. तो चक्क बूट पॉलिश करून घेतोय! पॉलिशवालाही समोर आहे, पण धूसर दिसतो. अख्ख्या वर्दळीतून हे दोघंच कसे उरले?

गुपित दागेरच्या पत्र्यात आहे. तेव्हा फिल्म नव्हती, मोबाइल तर नव्हताच. दागेर तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा चढवून तो लख्ख घासायचा आणि त्याला आयोडीनची वाफ द्यायचा. त्यामुळे पत्र्यावर एक पातळ थर बसायचा. या थरावर उजेड पडला की तिथं बदल होतो. मग पत्रा कॅमेऱ्यात ठेवायचा आणि भिंगावरचं झाकण काढायचं. नंतर पाऱ्याची वाफ दिली की चित्र उमटायचं. (पाऱ्याची वाफ विषारी असते, तेव्हा हा उद्योग आपण करायचा नाही!)

पण हा थर भलताच सुस्त. चित्र उमटण्याइतका उजेड मिळायला झाकण काही मिनिटं उघडं ठेवावं लागायचं. घरं आणि झाडं कुठे पळतात? ती छान उमटली. घोडागाडी मात्र आली तशी गेली. एका जागी ती क्षणभरच होती, त्यामुळे तिचा उजेड त्या जागी जेमतेम पडला. उरलेला सगळा वेळ तिथून रस्त्याचाच उजेड येत राहिला. म्हणून रस्ता दिसला, गाडी पुसली गेली! बूटवाले काका तेवढे एका जागी थांबले होते. पॉलिशवाल्याचे हात चालू होते, म्हणून तो धूसर. फोटोत आलेला पहिला माणूस हा मान बहुतेक जण त्या काकांनाच देतात, पण ते कोण होते हे कुणालाच माहीत नाही. आणखी एक गंमत म्हणजे हा फोटो आरशातल्यासारखा उलटा आहे, डावं ते उजवं!

पुढे चाळीस वर्षांनी, 1878 मध्ये, अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीलगत 12 कॅमेरे ओळीनं मांडले. पट्टीवर आडवे दोरे बांधले. घोडा दौडत आला, दोरे तुटत गेले आणि खटाखट फोटो निघाले. यावेळी झाकणं सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरतीच उघडत होती. फोटोंत दिसलं, की दौडताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय हवेत असतात, आणि तेही पोटाखाली गोळा झालेले! तोवर चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले घोडे रंगवत होते. कॅमेऱ्यानं त्यांची चांगलीच जिरवली.

आता तुमची पाळी. भर दुपारी, उन्हात, दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मैत्रिणीचा फोटो काढा. तसाच दुसरा संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, फ्लॅश बंद ठेवून काढा. दुपारी दोरी स्पष्ट दिसेल. संध्याकाळी उजेड कमी, म्हणून मोबाइल जास्त वेळ उजेड गोळा करतो आणि दोरीची फिकट रेघ होते, नाहीतर ती गायबच! बऱ्याच मोबाइलमध्ये फोटोची माहिती उघडली की उजेड गोळा करण्याचा हा वेळ सापडतो. 1/1000 म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, 1/30 म्हणजे तिसावा.

आपण फोटोला ‘भारी!’ म्हणतो आणि पुढे सरकतो. मला हे मुळीच पटत नाही. सावल्या लांब आहेत की आखूड? काय धूसर आहे? चौकटीच्या बाहेर काय राहिलं असेल? एवढं तरी विचारा की! सुरुवात घरातल्या अल्बमपासून करा, आणि आजीला शेजारी बसवून घ्या. चौकटीबाहेर कोण कोण उभं होतं, ते तिलाच ठाऊक असणार.