पालक खा, पण लोहाच्या गोळ्या थांबवू नका

"रक्त कमी आहे, पालक खा" हा सल्ला घरोघरी दिला जातो. पालक पौष्टिक आहेच. पण 100 ग्रॅम कच्च्या पानांत लोह जेमतेम 3 मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते. त्यामुळे गरोदर बाईला किंवा वयात आलेल्या मुलीला रक्तक्षयासाठी गोळ्या सुरू असतील, तर भाजीच्या भरवशावर त्या बंद करू नका. भाजीवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा घेऊ नका. लोह जास्त शोषले जाते.

दशांशचिन्ह चुकल्यामुळे पालकाच्या लोहाचा बोलबाला झाला, ही गोष्ट प्रशिक्षणात तुम्ही ऐकली असेल. तिलाही पुरावा नाही!

पालकाचे खरे बळ बीटा कॅरोटीन, फोलेट आणि जीवनसत्त्व के यांत आहे. थोडे तेल घालून शिजवलेली भाजी उत्तम. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र बेताने खावी. पाने उकडून पाणी टाकले की ऑक्झॅलेट कमी होते. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल, तर पालकाचे प्रमाण एकदम वाढवू नये.

आता आपल्या हातातले. गिऱ्हाइकाला गडद हिरवा पाला आवडतो, म्हणून काढणीच्या तोंडावर युरिया फेकला जातो. जादा नत्र पानांत नायट्रेट होऊन साठते. युरिया शिफारशीइतकाच, विभागून द्या. दिवसभर ऊन खाल्लेल्या पानांत नायट्रेट कमी असते, म्हणून शक्य असेल तर काढणी सायंकाळी करा. फवारणी झाली असेल, तर लेबलवरचा प्रतीक्षा काळ संपेपर्यंत कोयता लावू नका.