‘दम लागणे’ आणि ‘सवय लागणे’

शहापूर तालुक्यातील किन्हवलीच्या परिसरात पावसाळ्यापूर्वी राब भाजतात, पावसाळ्यात घरे ओलीने कोंदतात आणि पुढे भाताच्या झोडणीत धूळ उडते. धूर, ओल आणि धूळ ही तिन्ही दमा चेतविणारी कारणे होत. अशा वेळी रोग्यास ‘दम लागला’ असे आपण म्हणतो. प्रस्तुत लेखात या ‘लागणे’ क्रियापदाचाच विचार करावयाचा आहे.

‘दमा’ हा शब्द फारसीतून आलेला असून ‘दम’ म्हणजे श्वास. निग्रहवाचक संस्कृत ‘दम’ शब्दाशी त्याचा संबंध नाही. ‘लागणे’ या क्रियापदाचे कर्ते स्थूलमानाने दोन प्रकारचे दिसतात. भूक, तहान, ठेच, उचकी ही लागतात आणि सरतात. वेड, नाद, व्यसन ही लागली म्हणजे सुटता सुटत नाहीत. ‘दम लागतो’ हा प्रयोग आपण पहिल्या वर्गात घालतो. धाप ओसरली की रोग गेला, असे मानतो. उलट औषधाविषयी ‘पंपाची सवय लागते’ असे म्हणून त्यास व्यसनांच्या पंक्तीस बसवितो. वस्तुस्थिती नेमकी विपरीत आहे. धाप नसतानाही श्वासनलिकांचा दाह व सूज राहते, आणि ती उतरविणारे स्टेरॉइडचे औषध हुंगण्याने व्यसन जडत नाही. ते थेट श्वासनलिकेत पोचत असल्यामुळे अल्प मात्रा पुरते. घेतल्यावर चूळ भरावी, एवढे पथ्य पाळावे.

दाबाखालील औषधाचा पंप 1956 साली बाजारात आला, हुंगावयाचे बेक्लोमेथासोन 1972 साली. पहिल्या पंपाने धाप तात्पुरती शमे. दुसऱ्याने रोगास रोज आवर घालता येऊ लागला. हा भेद आजही अनेक घरांत कळलेला नाही. केवळ धाप शमविणाऱ्या पंपावर विसंबणे धोक्याचे असते. मोठ्या मात्रेचे औषध रोज, योग्य रीतीने घेऊनही जो आटोक्यात येत नाही, तोच खरा तीव्र दमा. म्हणून प्रथम रीत तपासावी: श्वास पूर्ण सोडावा, पंप दाबत सावकाश खोल ओढावा आणि सुमारे दहा सेकंद रोखावा. पुष्कळांचे येथेच चुकते.

भाषेच्या अभ्यासकास एक लक्षण विशेष वाटेल. चरकसंहितेत तमकश्वासाच्या वर्णनात रोग्यास बोलणे कष्टाचे होते, बसल्याने बरे वाटते, असे सांगितले आहे. आजचे वैद्यकही वाक्याची लांबी पाहते. एरवी सहज बोलणारा मनुष्य एका श्वासात वाक्य पुरे करू शकत नसेल, एकेक शब्द तोडून बोलत असेल, तर झटका गंभीर समजावा. धाप कायम असून छातीतील घरघर मात्र थांबली, तर तो उतार नव्हे. हवा आत जाईनाशी झाल्याचे ते चिन्ह असू शकते. अशा वेळी रोग्यास आडवे करू नये, बसते ठेवावे, धाप शमविणारा पंप द्यावा, आणि उजाडण्याची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. रोगी एका दमात किती शब्द बोलतो, हेही त्या वेळी अवश्य सांगावे.