क्वांटम संगणकातील त्रुटी-दुरुस्ती आणि पारंपरिक प्रोसेसरचे कार्य

प्रस्तावना

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुणे येथील संरक्षण संशोधन व विकास संघटनेची क्वांटम तंत्रज्ञानविषयक प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटांच्या अतिसंवाहक क्वांटम प्रोसेसरची संपूर्ण चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण केल्याचे जाहीर झाले. क्यूबिटांची रचना व निर्मिती मुंबईत झाली. नियंत्रण व मापनाची यंत्रणा मात्र पुण्यात, बाजारात मिळणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि प्रयोगशाळेने स्वतः प्रोग्रॅम केलेले बोर्ड यांच्या साहाय्याने जुळविण्यात आली. क्वांटम संगणकाची चर्चा बहुधा क्यूबिटांच्या संख्येपाशी थांबते. परंतु त्याची विश्वसनीयता शेजारी बसविलेल्या पारंपरिक प्रोसेसरवरही तितकीच अवलंबून असते. त्रुटी-दुरुस्तीच्या संदर्भात हे अवलंबन स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

त्रुटी ओळखण्याची रीत

क्यूबिट अत्यंत नाजूक असतो. उष्णता, विद्युतचुंबकीय गोंगाट किंवा पदार्थातील सूक्ष्म दोष यांमुळे त्याची अवस्था बिघडते. चांगल्या यंत्रांतही शेकडो ते हजार क्रियांमागे एखादी त्रुटी होते, तर उपयुक्त गणनेस कोट्यवधी क्रिया लागतात. क्यूबिटाची नक्कल करता येत नाही आणि थेट मापन केल्यास त्यातील माहिती नष्ट होते. या अडचणीतून पीटर शोर यांनी १९९५ मध्ये मार्ग दाखविला: एका तार्किक क्यूबिटाची माहिती अनेक भौतिक क्यूबिटांत विभागून ठेवावी आणि प्रत्येकाचे मूल्य न विचारता केवळ ‘शेजारी परस्परांशी जुळतात काय?’ एवढेच विचारावे.

तीन क्यूबिटांचे सोपे उदाहरण घेऊ. पहिला व दुसरा जुळत नाहीत, पण दुसरा व तिसरा जुळतात, असे उत्तर आल्यास पहिल्यात त्रुटी असावी. अर्थात दुसरा व तिसरा दोन्ही बिघडले तरी हेच उत्तर येईल. प्रत्येकाच्या त्रुटीची संभाव्यता हजारात एक असल्यास पहिली शक्यता दुसरीपेक्षा ९९९ पट अधिक ठरते. वैद्य ज्याप्रमाणे लक्षणांवरून रोगाचे निदान करतो, त्याचप्रमाणे अशा उत्तरांवरून सर्वाधिक संभाव्य त्रुटी शोधणाऱ्या पारंपरिक यंत्रणेस ‘डिकोडर’ म्हणतात. मापनातही चूक होऊ शकते. म्हणून डिकोडरला एका फेरीची नव्हे, तर लागोपाठच्या अनेक फेऱ्यांची उत्तरे एकत्र पाहावी लागतात.

वेळेचे गणित

सध्या प्रचलित असलेल्या पृष्ठ-संकेतात, म्हणजेच ‘सरफेस कोड’मध्ये, क्यूबिट चौकटीत मांडलेले असतात. सात अंतराच्या संकेतास ४९ माहितीचे व ४८ तपासणीचे असे ९७ क्यूबिट लागतात. अतिसंवाहक यंत्रात तपासणीची फेरी सुमारे एका मायक्रोसेकंदात पूर्ण होते. म्हणजे एका तार्किक क्यूबिटापासून दर सेकंदाला सुमारे ४.८ कोटी बिट बाहेर पडतात.

समजा, डिकोडरला प्रत्येक फेरीसाठी १.१ मायक्रोसेकंद लागतात. फरक क्षुल्लक वाटतो. पण एका सेकंदात सुमारे ९१ हजार फेऱ्या तुंबतात. काही क्रियांपूर्वी डिकोडरचा निर्णय हाती येणे अनिवार्य असते. त्या प्रतीक्षेतही नव्या फेऱ्या चालूच राहतात आणि प्रत्येक वेळी थकबाकी १.१ पट होते. अशा शंभर क्रियांनंतर ती सुमारे १३,७८० पट झालेली असते. अशा स्थितीत क्वांटम संगणकाचा वेगाचा लाभच संपुष्टात येतो.

येथे दोन बाबी वेगळ्या समजून घ्याव्यात: दर सेकंदाला किती फेऱ्या हाताळल्या जातात आणि एका निर्णयास किती विलंब लागतो. गूगलच्या ‘विलो’ प्रोसेसरवरील २०२४ च्या प्रयोगात पाच अंतराच्या संकेतासाठी सरासरी विलंब ६३ मायक्रोसेकंद होता, तर फेरी १.१ मायक्रोसेकंदाची होती. तरीही थकबाकी वाढली नाही, कारण काम विभागून समांतर चालविले होते.

हार्डवेअरचे पर्याय

१) सर्वसाधारण प्रोसेसर: कार्यक्रम सहज बदलता येतो, परंतु विलंब अनिश्चित असतो.

२) ‘एफपीजीए’: आतील परिपथ गरजेनुसार पुन्हा जुळविता येणारी चिप. विलंब कमी व निश्चित असतो. संशोधनाच्या सद्यःस्थितीत ती विशेष सोयीची ठरते.

३) विशिष्ट कार्यासाठी घडविलेली चिप: सर्वांत वेगवान व कमी वीज घेणारी, परंतु निर्मिती खर्चिक असून नंतर बदल शक्य नसतो.

विजेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. क्यूबिट निरपेक्ष शून्याहून सुमारे एक शतांश अंश वर ठेवलेले असतात. डिकोडर शीतयंत्रात आणल्यास तारा कमी होतात, पण त्याची उष्णता शीतयंत्रास पेलवली पाहिजे. म्हणून अचूकता, वेग व वीजवापर यांचा तोल साधणे हीच या रचनेची खरी कसोटी आहे.

समारोप

केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. अतिशीत प्रयोगशाळा उभारणे बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या आवाक्यातील नाही. तथापि डिकोडरच्या अभ्यासास शीतयंत्र लागत नाही. ‘स्टिम’ व ‘पायमॅचिंग’ ही मुक्त साधने साध्या संगणकावर चालतात. त्रुटींचे अनुकरण करून डिकोडरची अचूकता व गती तपासता येते आणि तोच विचार पुढे एफपीजीए बोर्डावर उतरविता येतो. त्यासाठी संभाव्यता, आलेख-सिद्धान्त व अंकीय इलेक्ट्रॉनिकी हे परिचित विषयच आवश्यक आहेत. क्वांटम संगणकाच्या उभारणीतील हे दार ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांसाठीही खुले आहे, याची नोंद अभ्यासमंडळांनी व अध्यापकांनी घेणे अगत्याचे आहे.