पडदा आणि पाटी

शाळेला काही मदत करावी असे गावातील चार लोकांच्या मनात आले, की हल्ली पहिली सूचना बहुधा एकच येते : वर्गात एक मोठा पडदा बसवून द्यावा. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ झाल्या. पैसा कष्टाचा आणि हेतू निर्मळ, ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु म्हणूनच एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. ह्या साधनांनी मुले खरोखर अधिक शिकतात काय? शिकत असतील तर कशामुळे, आणि शिकत नसतील तर घोडे कोठे अडते? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रारंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नवे साधन वर्गात आले की ‘मुले अगदी रमतात’ असे सांगितले जाते आणि ते खोटे नसते. पडद्यावर ज्वालामुखी फुटू लागला की शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान वर करतो. परंतु डोळे गुंतणे निराळे आणि बुद्धी गुंतणे निराळे. डोळे चित्राने गुंततात. बुद्धी गुंतते ती आपल्याला काहीतरी ठरवायचे आहे, उत्तर द्यायचे आहे आणि ते चुकण्याचा संभव आहे, असे वाटते तेव्हा. साधनांचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर यशापयशाचे पारडे बहुतेक वेळा ह्याच भेदावर झुकलेले दिसते.

१९२२ साली थॉमस एडिसन ह्यांनी असे भाकीत केले होते, की थोड्याच वर्षांत चलच्चित्रे पाठ्यपुस्तकांची जागा बव्हंशी घेतील. विजेचा दिवा घरोघर नेणाऱ्या माणसाचे हे भाकीत खोटे ठरले. पुस्तके राहिली आणि चित्रपट शाळेत पाहुण्यासारखा येत-जात राहिला. ह्याच्या उलट एक उदाहरण पाहा. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा ह्या देशात १९७४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने प्राथमिक शाळांतून रेडिओवर गणित शिकविण्याचा प्रयोग सुरू झाला. रेडिओला तर पडदाही नाही. परंतु ह्या पाठांत निवेदक प्रश्न विचारून थांबत असे. तेवढ्या अवकाशात मुलांनी मोठ्याने उत्तर द्यायचे किंवा वहीत लिहायचे, आणि मग रेडिओ बरोबर उत्तर सांगे. अर्ध्या तासात एकेका मुलाला अशी अनेक उत्तरे द्यावी लागत. ही मुले पुढे परीक्षांत इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. एडिसनचे चित्र मुलाला काही विचारीत नव्हते. निकाराग्वाचा मुका डबा मात्र सारखा विचारीत होता.

हीच गोष्ट मोठ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीतही खरी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत आणि परीक्षेतील अवघड उदाहरणेही विद्यार्थी सोडवीत. १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या वर्गाला बल आणि गती ह्यांविषयीचे काही साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न घातले. तेव्हा असे दिसून आले, की सूत्रे तोंडपाठ असलेल्या पुष्कळांच्या मनातील मूळ कल्पना जशीच्या तशी चुकीची राहिली होती. पुढच्याच वर्षी मझूर ह्यांनी शिकविण्याची रीत बदलली. थोडा वेळ विवेचन करायचे, मग पर्यायांसह एक प्रश्न विचारायचा. प्रत्येकाने प्रथम स्वतःशी विचार करून उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालून त्याला पटवायचे, आणि पुन्हा उत्तर नोंदवायचे. त्यानंतर प्राध्यापकाने उलगडा करायचा.

ह्या धर्तीच्या अध्यापनाचा पडताळा पुढे इतरांनी घेतला. १९९८ साली रिचर्ड हेक ह्यांनी ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल तपासले. जेथे विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करून उत्तरे द्यावी लागत होती, तेथील सरासरी प्रगती केवळ व्याख्यान देणाऱ्या वर्गांच्या सुमारे दुप्पट होती.

उत्तरे नोंदविण्यासाठी आरंभी विद्यार्थी हात वर करीत किंवा पुठ्ठ्याची कार्डे दाखवीत. पुढे त्यांच्या हाती बटणांची छोटी यंत्रे आली. कळ दाबली की सगळ्या वर्गाच्या उत्तरांचा आलेख क्षणात पडद्यावर. साहजिकच पुष्कळांना वाटले, की किमया ह्या यंत्राची आहे. २००८ साली नॅथनिएल लासरी ह्यांनी कॅनडातील एका महाविद्यालयात हे ताडून पाहिले. एका तुकडीला यंत्रे आणि दुसरीला कार्डे दिली. शिकविण्याची रीत दोहींकडे तीच. विद्यार्थी किती शिकले ह्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. किमया प्रश्नाची होती.

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे शिक्षण पाटीवर झाले, त्यांना ह्यात काही ओळखीचे वाटेल. गुरुजी तोंडी हिशेब घालीत, मुले उत्तर लिहून पाटी पालथी ठेवीत आणि ‘पाट्या वर’ म्हणताच साऱ्या वर्गाची उत्तरे गुरुजींसमोर येत. हात वर करणाऱ्या दोन हुशार मुलांचेच नव्हे, तर न बोलणाऱ्या मुलाचेही उत्तर दिसे. दुर्दैवाने पाटीचा उपयोग बहुधा बरोबर कोण आणि चूक कोण एवढे पाहण्यापुरताच होई. चूक ‘का’ झाली हे तीतून वाचता येते, इकडे लक्ष कमी गेले.

एक उदाहरण घेऊ. सहावीच्या वर्गात शिक्षकाने फळ्यावर तीन दशांश अपूर्णांक लिहिले : ०.४, ०.६२ आणि ०.३८५. ह्यांत सर्वांत मोठा कोणता? उत्तर अर्थात ०.६२. परंतु काही मुले ०.३८५ म्हणतील. त्यांच्या हिशेबी तीनशे पंच्याऐंशी हे बासष्टापेक्षा मोठे. दशांशचिन्हाच्या पुढचे आकडे ती पूर्णांकासारखे वाचतात. आणखी काही मुले ०.४ म्हणतील. त्यांनी सहस्रांश हे दशांशापेक्षा लहान असतात एवढे ऐकून ठेवले आहे, म्हणून जितके आकडे अधिक तितकी संख्या लहान असा नियम त्यांनी मनाशी बांधला आहे. दोघेही चुकले, पण दोघांचे दुखणे वेगळे आणि औषधही वेगळे. पहिल्याला रुपये-पैशांच्या भाषेत अर्धा रुपया आणि पस्तीस पैसे ह्यांची तुलना करायला लावावी, दुसऱ्याला संख्यारेषेवर बोट ठेवायला लावावे. आता शिक्षकाने ०.५ आणि ०.३५ ह्या दोनच संख्या दिल्या असत्या, तर दुसऱ्या प्रकारची मुले चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर देऊन निसटली असती आणि शिक्षकाला वाटले असते की सर्वांना समजले. चांगल्या प्रश्नात प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक गैरसमज उभा असतो. असा प्रश्न रचणे हे शिक्षकाचे खरे कौशल्य होय, आणि ते कोणत्याही यंत्राबरोबर पेटीतून येत नाही.

ह्या रीतीने शिक्षण पक्के का होते, ह्याचाही शोध लागला आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक ह्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तेव्हा त्यांच्या स्मरणात सुमारे ४२ टक्के मजकूर उरला होता आणि एकदाच वाचून आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात सुमारे ५६ टक्के. आठवण्याचे श्रम हेच स्मृतीचे खत. शेजाऱ्याशी चर्चा केल्याने मुले केवळ हुशार मुलाचे उत्तर उचलतात ही शंकाही २००९ साली कोलोरॅडो विद्यापीठातील एका अभ्यासाने पुष्कळ अंशी दूर केली. आरंभी ज्या गटात कोणालाच उत्तर येत नव्हते, तेथेही चर्चेनंतर पुढच्या तशाच प्रश्नाची उत्तरे सुधारली.

येथे आम्हा व्याख्यानप्रेमी मंडळींनी थोडे आत्मपरीक्षण करण्यासारखे आहे. २०१९ साली हार्वर्डमध्येच एक प्रयोग झाला. काही विद्यार्थ्यांनी उत्तम, ओघवते व्याख्यान ऐकले. इतरांनी तोच विषय गटागटाने उदाहरणे सोडवीत अभ्यासला. दुसऱ्या वर्गातील विद्यार्थी अधिक शिकले; परंतु ‘आपण पुष्कळ शिकलो’ असे वाटले ते पहिल्या वर्गाला! वक्त्याचा ओघ श्रोत्याला आपल्याच बुद्धीचा ओघ वाटू लागतो. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती नागरिकांत विचार जागा व्हावा म्हणून. व्याख्यान विचाराला प्रवृत्त करू शकते. ते विचार करण्याचे काम मात्र करून देत नाही. पडद्यावरील सुरेख पाठाचेही तसेच आहे.

मग नव्या साधनांचा उपयोग काहीच नाही काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. माणसाच्या हातून जे होत नाही ते यंत्राने केले, तर त्याचे मोल मोठे आहे. त्याची दोन उदाहरणे देतो. साठ मुलांच्या वर्गात साठ पाट्या वाचून लक्षात ठेवणे शिक्षकाला जमणारे नाही. ह्यासाठी ‘प्लिकर्स’ नावाची एक युक्ती निघाली आहे. प्रत्येक मुलाजवळ काळ्या-पांढऱ्या आकृतीचे एक कागदी कार्ड असते. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. जे उत्तर वाटते ती बाजू वर धरायची. शिक्षक आपल्या एकट्याच्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिले ह्याची नोंद नावानिशी होते. प्रत्येक कार्डाची आकृती निराळी, म्हणून शेजाऱ्याचे पाहून उचलणेही अवघड. मुलांच्या हाती यंत्र मुळीच नाही. ही जणू आठवण ठेवणारी पाटी होय.

दुसरे उदाहरण दिल्लीचे. तेथे ‘माइंडस्पार्क’ ह्या संगणकीय कार्यक्रमाची परीक्षा कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान ह्या अर्थशास्त्रज्ञांनी घेतली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले, की सहावीतील सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते. अशा मुलासमोर सहावीचे पुस्तक उघडणे म्हणजे जिन्याच्या पहिल्या पायरीवरच्या माणसाला चौथ्या पायरीवरून हात देणे. हा कार्यक्रम मुलाच्या उत्तरांवरून तो कोणत्या पायरीवर उभा आहे हे ओळखी आणि तेथलाच प्रश्न विचारी. शाळेबाहेरच्या केंद्रात हा अभ्यास आणि त्याला जोडून लहान गटात शिक्षकाची शिकवणी, असे साडेचार महिने चालले. गणितात आणि हिंदीत मुलांची प्रगती ठळकपणे अधिक झाली.

तेच साधन चुकीच्या जागी बसले की काय होते, हे गुजरातेत दिसले. ‘ज्ञानशाला’ ह्या संस्थेच्या शाळांतील संगणकाच्या कार्यक्रमाचा अभ्यास ली लिंडेन ह्यांनी केला. जेथे संगणकाचा तास शाळेच्या वेळाबाहेर, शिक्षकाच्या शिकवण्याला पूरक म्हणून होता, तेथे मुलांना लाभ झाला. जेथे तो शिक्षकाचा तास काढून त्या जागी ठेवला, तेथे मुले होती त्याहून कमी शिकली. पेरू देशाने तर आठ लाखांहून अधिक लहान संगणक मुलांना वाटले. ३१९ शाळांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१२ साली बाहेर आला, तो असा, की गणितात आणि भाषेत काहीच फरक पडला नाही. यंत्र मिळाले, वर्गातले विचारणे-सांगणे होते तसेच राहिले.

आपल्याकडेही दिशा दाखविणारी माणसे आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या पानावर छापलेला क्यूआर कोड मोबाइलने वाचला की त्या धड्याचे चित्र किंवा ध्वनिफीत उघडते, ही त्यांची कल्पना. ‘बालभारती’च्या पुस्तकांतून आज ती घरोघर गेली आहे. घरी शिकवायला कोणी नसलेल्या मुलाला हा मोठाच आधार होय. मात्र त्या चित्रानंतर दुसऱ्या दिवशी वर्गात ‘तू काय पाहिलेस, आणि तसे का झाले?’ असे कोणी विचारले, तरच तो आधार फळाला येतो.

ह्यावर अनुभवी शिक्षक म्हणतील, की असे विचारीत बसलो तर अभ्यासक्रम पुरा कसा व्हायचा? अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. वर्षाचे तास मोजके आणि शाळेबाहेरची कामे मात्र पुष्कळ, हे आम्ही जाणतो. परंतु पुरा होतो तो शिक्षकाचा अभ्यासक्रम. मुलाचा तिसरीतच थांबलेला असतो. तासाला एक नेमका प्रश्न विचारावा आणि त्याच्या उत्तरांवरून पुढची दहा मिनिटे ठरवावी, एवढ्याने आरंभ होऊ शकतो.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या आणि वर्गणी देणाऱ्या नागरिकांनी कोणतेही साधन घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. ह्या साधनापुढे बसलेल्या प्रत्येक मुलाला तासात किती वेळा स्वतः उत्तर द्यावे लागेल? ते उत्तर चुकले तर का चुकले हे शिक्षकाला कळेल काय? आणि कळल्यावर शिक्षकाला वेगळे काही करण्यास वेळ आणि मुभा असेल काय? ह्या तिहींची उत्तरे समाधानकारक असतील तर पडदा जरूर घ्यावा. नसतील, तर त्याच पैशातून सगळ्या मुलांना पाट्या घेऊन द्याव्यात आणि उरलेली रक्कम शिक्षकांनी एकत्र बसून चांगले प्रश्न तयार करावेत ह्यासाठी खर्चावी. अशा देणगीचे उद्घाटन करता येणार नाही हे खरे. पण शेवटच्या बाकावरच्या मुलाचे उत्तर वर्गात प्रथमच कोणीतरी वाचील.