पोस्टरवरच्या दंडामागची सुई

दहा आठवडे वजनाला हात न लावता अंगावर तीन किलो भर पडली, तीही चरबी वगळून! कुणी असं सांगितलं तर थापा म्हणून सोडून द्याल. पण अमेरिकेत हे वैद्यकीय देखरेखीखाली घडलं आणि १९९६ साली प्रसिद्धही झालं. भारतीय वंशाचे हार्मोनतज्ज्ञ डॉ. शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांचे चार गट केले. दोन गटांना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचलं. हार्मोनची कमतरता असलेल्याला उपचार म्हणून देतात, त्याच्या सुमारे सहापट. उरलेल्या दोघांना औषधाचा अंश नसलेलं इंजेक्शन. दोन्हीकडे एका गटाला व्यायाम, दुसऱ्याला सुट्टी. आहार सर्वांना सारख्याच हिशेबाने.

नुसता घाम गाळणाऱ्यांनी कमावले सुमारे दोन किलो. नुसती सुई घेणाऱ्यांनी तीनहून थोडे जास्त. आणि सुई अधिक व्यायाम? सहा किलो!

गल्लीतल्या जिममध्ये भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत सेट मारणाऱ्या पोराला हा हिशेब कुणी सांगत नाही. त्याच्या हाती पडतं ते फक्त पोस्टरवरच्या हिरोचं वेळापत्रक. आठवड्याचे सहा दिवस, दिवसातून दोनदा व्यायाम आणि दोन डझन अंड्यांचं पांढरं.

खरी मेख आहे ती विश्रांतीत. जड वजन उचललं की स्नायूंचे तंतू ताणले जातात, बारीक इजा होते. मग शरीर प्रथिनं वापरून डागडुजी करतं आणि स्नायू आधीपेक्षा जाड होतो. म्हणजे बॉडी जिममध्ये बनतच नाही, बनते ती घरी, झोपेत! टेस्टोस्टेरॉनची कृत्रिम भावंडं, म्हणजेच अॅनाबॉलिक स्टेरॉइड्स, प्रथिनं रचण्याचं हे काम कितीतरी वेगानं करून घेतात. आज पिळून काढलेली छाती लवकरच पुन्हा तयार. सुई न घेणाऱ्याने तेच वेळापत्रक उचललं तर महिन्याभरात सांधे ठणकतात, झोप उडते, वजनं वाढण्याऐवजी घटतात. त्याला वाटतं, आपलीच मेहनत कमी पडतेय. नेमक्या अशा वेळी कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी कानाशी लागतं, ‘एक कोर्स मार, बघ काय फरक पडतो!’

फरक पडतो, हे तर खरंच. पण स्नायू ज्या कंडरांनी हाडाला बांधलेले असतात, त्या तितक्या वेगाने बळकट होत नाहीत. म्हणून भलताच दणकट दिसणारा गडी एखाद्या दिवशी दंडाची कंडरा तोडून घेतो.

आहाराचंही तेच. भसीन यांच्या प्रयोगात दर किलो वजनामागे दीड ग्रॅम प्रथिनं होती. सत्तर किलोच्या तरुणाला साधारण १०५ ग्रॅम. डाळ, दूध, अंडी, मासे, चिकन यांतून ती सहज भागतात. कोलकात्याचे मनोहर आईच डाळ-भात-मासे खाऊन १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स झाले आणि २०१६ मध्ये वारले तेव्हा शंभरी ओलांडून गेले होते!

स्पर्धेच्या तोंडावर मात्र खेळ जीवघेणा होतो. खाणं तोडलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्टेरॉइड्स ही झीज रोखून धरतात. त्यावर पाणी काढून टाकणारी औषधं घेतली की कातडी कागदासारखी पातळ दिसते. ऑस्ट्रियाचा आंद्रेयास म्युन्झर याच कातडीसाठी जगभर नावाजलेला. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबसच्या मोठ्या स्पर्धेत तो सहावा आला. जेमतेम दोन आठवड्यांत पोटदुखी आणि आतल्या रक्तस्रावामुळे त्याला म्युनिकच्या रुग्णालयात हलवावं लागलं. यकृत आणि मूत्रपिंडांनी हात टेकले. १४ मार्चला तो गेला. वय ३१. शवविच्छेदनात यकृतात गाठी सापडल्या.

सगळेच असे मरत नाहीत, आणि म्हणूनच पोरांना भीती वाटत नाही. पण बाहेरून हार्मोन येऊ लागला की मेंदू शरीराचा स्वतःचा कारखाना बंद करतो. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात. काहींच्या छातीला बायकांसारखी वाढ येते. चांगलं कोलेस्टेरॉल खाली जातं, हृदयाची भिंत जाड होते. वाढीच्या वयातल्या मुलाची हाडं वेळेआधी जुळून उंची खुंटू शकते. आणि कोर्स थांबवला की? कारखाना पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर ताकद ओसरते, मन खिन्न होतं, आरशातला दंड रोज बारीक दिसतो. मग पुढचा कोर्स!

घरच्यांच्या लक्षात येण्याजोग्या खुणा असतात. थोड्या आठवड्यांत भलतंच वाढलेलं वजन, पाठीवर-खांद्यावर पुटकुळ्या, उगाच भडकणारं डोकं, कपाटात सिरिंज. पोराने कबुली दिली तर आरडाओरडा नको. हार्मोनतज्ज्ञाकडे न्या. काय घेतलं, किती आणि किती दिवस, हे त्यालाच डॉक्टरांना सांगू द्या. बाटली असेल तर तीही सोबत घ्या. चोरट्या बाजारातल्या बाटलीत लेबलवर छापलंय तेच असेल, याचा भरवसा नसतो.